लीडरशिपचं सर्टिफिकेट कुणाला आणि दरीत उतरणार कोण?

पोस्ट लांब आहे. महाड, पोलादपूर, माणगावकडच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचावी, कारण विषय आपल्याच पोरांचा आहे.

जून उजाडला की आपल्याकडे दोन कागद फिरायला लागतात. पहिला असतो जाहिरातीचा. "तुमच्या मुलाला लीडर बनवा! दोन दिवस, एक रात्र. ट्रेकिंग, रॅपलिंग, झिपलाइन, कॅम्पफायर. सर्टिफिकेटसह." खाली रायगडचा नाहीतर कुठल्यातरी धबधब्याचा फोटो आणि फोन नंबर. दुसरा कागद असतो प्रशासनाचा. अमुक धबधबा, तमुक धरण, तमुक घाट इथे पर्यटकांना पावसाळा संपेपर्यंत बंदी.

एक कागद डोंगर विकतो, दुसरा डोंगर बंद करतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी, काही झालं की सगळ्यात आधी धावणारी जी वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, त्यांचं नाव दोन्ही कागदांवर नाही. माझं भांडण इथे आहे.

आपल्या भागाचा गेल्या काही वर्षांचा हिशेब एकदा नीट मांडू.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक जीप पुरात गेली. काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्या काळोखात पूल गेल्याचं पुलाजवळच्या गॅरेजवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याने रस्त्यावर उभं राहून गाड्या अडवल्या. नाहीतर आकडा कुठे गेला असता, विचार करा.

२८ जुलै २०१८. आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत गेली. एकच माणूस वाचला. गच्च धुकं, पाऊस, निसरडा कडा. पोलादपूर, महाड आणि महाबळेश्वरची ट्रेकर पोरं दोर लावून खाली उतरली आणि एकेक मृतदेह वर आणला. ज्यांनी कधी दोरावरून स्ट्रेचर ओढलंय त्यांनाच कळेल ते काम काय असतं.

२४ ऑगस्ट २०२०. महाड शहरात पाच मजली इमारत कोसळली. १६ जण गेले.

२२ जुलै २०२१. तळीये. अख्खी वाडी दरडीखाली गेली, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी महाड शहर पाण्यात होतं, रस्ते दरडींनी बंद, फोन बंद. बाहेरची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत चिखलात हात घालून कोण शोधत होतं? गावातलीच आणि शेजारच्या वाड्यांतली माणसं.

१९ जुलै २०२३. आपल्या जिल्ह्यातलीच खालापूरची इर्शाळवाडी. वाडीला रस्ताच नव्हता. जेसीबी नाही, पोकलेन नाही, फावडी-टिकाव घेऊन तास-दीड तास चढून जायचं. त्या चढणीवर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. तिथेही गिर्यारोहण संस्थांची पोरं रात्रीच वाटेला लागली होती, कारण पावसात रात्री डोंगर चढायची सवय त्यांनाच होती.

आठ वर्षांत पाच घटना. या यादीवरून मला एक गोष्ट लखलखीत दिसते. पहिल्या सहा तासांत जो माणूस पोचतो तो सरकारी गाडीतून येत नाही. तो आधीपासून तिथेच असतो. हा कुणाच्या नाकर्तेपणाचा आरोप नाही. घाटरस्ते बंद झाल्यावर एनडीआरएफ उडून येणार नाही, आणि अशा ढगात हेलिकॉप्टरही येत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की तिथे आधीपासून असलेल्या माणसाला काय येतं, त्याच्या हातात काय आहे, आणि त्याचं कुणी ऐकतं का.

यालाच मी नेतृत्व म्हणतो. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे हे ओळखून, डोकं शांत ठेवून, चार जणांना कामाला लावणं. या कसोटीवर आता आपल्याकडची दोन दुकानं तपासू.

पहिलं दुकान कॅम्पवाल्यांचं. सगळे वाईट नाहीत. काही जण मनापासून, सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेऊन काम करतात आणि त्यांच्याकडून मी स्वतः शिकलोय. पण बहुतेक ठिकाणी काय चालतं? शहरातली चाळीस मुलं बसने येतात. आधीच लावून ठेवलेल्या दोरावरून, वरून-खालून दोघांनी धरलेलं असताना, एकेक मूल तीस फूट उतरतं. टाळ्या. रात्री शेकोटीभोवती "टीम बिल्डिंग". सकाळी सर्टिफिकेट. या दोन दिवसांत त्या मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. कुठे थांबायचं, कधी परत फिरायचं, मागे राहिलेल्याचं काय करायचं, सगळं दुसरा ठरवतो. मुलाला मजा आली, घाम आला, मोबाइल दोन दिवस सुटला, चांगलंच झालं. त्याला सहल म्हणा ना! लीडरशिप कशाला म्हणता?

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका ट्रेकला मी ओळखीने सोबत गेलो होतो. सामान उचलायला जवळच्या वाडीतली चार पोरं घेतली होती. वाटेत ओढा ओलांडायचा होता. पाणी घोट्याएवढं. पुढे असलेल्या ट्रेक लीडरने शिट्टी मारून मुलांना चला म्हटलं. तेवढ्यात पाठीवर तंबू घेतलेला एक पोरगा पुढे आला आणि म्हणाला, "दादा, थांबवा सगळ्यांना. पाणी गढूळ झालंय, वर जोराचा पडतोय. आता चढंल." लीडर कुरकुरला, वेळापत्रक बिघडणार होतं. पण पोरगा मुलांच्या आडवा उभा राहिला. हललाच नाही. अर्ध्या तासात त्याच ओढ्यातून मोठे दगड गडगडत जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांना लीडरशिपची सर्टिफिकेटं वाटली. तो पोरगा तेव्हा मागे मोठी पातेली घासत होता. त्याला दोन दिवसांचे हजार रुपये मिळाले आणि त्याचं नाव कुणी विचारलं नाही. सगळे त्याला "लोकल" म्हणत होते.

आता दुसरं दुकान, सेवेचं. मी काही वर्षं एका कॉलेजच्या एनएसएस शिबिरांना जोडलेलो होतो, त्यामुळे आतून बोलतोय. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. ब्रीद काय, तर "नॉट मी, बट यू". स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. २४० तास म्हणजे गंमत नाही, मंडळी. रोज आठ तास धरले तर पुरे तीस दिवस. तीस दिवसांत एका धडधाकट पोराला प्रथमोपचार, दोरकाम, पुराच्या पाण्यातली बचावाची साधी तंत्रं, बिनतारी संदेश, गावाचा नकाशा काढणं, सगळं शिकवून होतं. त्याउपर वेळ उरतो.

आपण त्या तासांचं काय करतो? झाडू वाटतो. ग्रामपंचायतीसमोरचं आधीच स्वच्छ असलेलं अंगण झाडतो. पाहुणे येतात, त्यांच्या हातात झाडू देऊन फोटो निघतो. झाडू मोजून परत घेतले जातात. वृक्षारोपण असेल तर गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप. मग "युवकांसमोरील आव्हाने" या विषयावर व्याख्यान, आणि समोर बसलेल्या युवकांसमोरचं त्या क्षणीचं आव्हान म्हणजे झोप आवरणं. शेवटी वहीत तास भरले जातात. मुलांना हे सगळं कळतं. आपल्याला फोटोसाठी उभं केलंय हे पोरांना पहिल्या दिवशीच समजतं आणि "सेवा म्हणजे नाटक" हा धडा ती आयुष्यभरासाठी शिकतात. हे नुकसान न झाडलेल्या अंगणापेक्षा फार मोठं आहे.

काही कॉलेजं, काही प्राध्यापक यातही जीव ओतून काम करतात. बंधारे बांधलेत, पुरानंतर घराघरातला गाळ उपसलाय. त्यांना हे लागू नाही, आणि हे वाचून सगळ्यात जास्त मान तेच डोलावतील.

तर आपल्याकडे साहस आणि सेवा यांची अशी फारकत झाली आहे. साहस पैसेवाल्यांच्या मुलांना, तेही बिनजबाबदारीचं. सेवा मार्कांसाठी, तीही बिनकामाची. मूळ कल्पना अशी नव्हती. ती कुठून आली ते थोडं सांगतो, कारण कॅम्पवाले ज्या परदेशी पद्धतींची नावं घेतात त्यांचाच इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

कुर्ट हान नावाचे एक जर्मन ज्यू शिक्षक. हिटलरला उघड विरोध केला म्हणून तुरुंगात गेले आणि मग देश सोडावा लागला. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडला गॉर्डनस्टन शाळा काढली. तिथली मुलं समुद्रकिनाऱ्यावर कोस्टगार्डच्या पहाऱ्याला बसत. नाटकातला पहारा नाही, खरा. जहाज अडचणीत दिसलं तर वर्दी द्यायची. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाला असं वाटू लागलं की जीवरक्षक नावेत तरुण खलाशी आधी हार मानतात आणि वयस्क खलाशी टिकून राहतात. अंगात ताकद आहे, पण तग धरायची सवय नाही. म्हणून १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे हान आणि होल्ट यांनी "आउटवर्ड बाउंड" ही शाळा काढली. जवळपास महिनाभराचं शिक्षण. जगभरातल्या "आउटडोअर लीडरशिप" कार्यक्रमांची ही गंगोत्री. आणि तिचा जन्म कशातून? माणसं मरत होती, त्यांना वाचवायचं होतं, यातून.

हान यांच्याच विचारातून १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. तिथली सोळा-अठरा वर्षांची मुलं समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायची बोट चालवत. हे काम करता करता, तिथले मुख्याध्यापक डेस्मंड होर आणि विद्यार्थी यांनी मिळून बोटीचा एक नवा प्रकार विकसित केला. तळ कडक, कडा हवा भरलेल्या रबराच्या. पुढे त्याचं पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला एका पौंडात देऊन टाकलं. आज जगभर समुद्रात आणि पुरात बचावासाठी ज्या रबरी कडांच्या, कडक तळाच्या बोटी धावतात त्यांचा उगम शाळकरी पोरांच्या त्या उद्योगात आहे. मुलांवर खरी जबाबदारी टाकली की काय होतं ते यात दिसतं.

हे आपलं नाही, गोऱ्यांचं आहे, असं कुणी म्हणेल. मग आपलं बघू. १९६७ मध्ये बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. भर मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, महाराष्ट्रभरातली कॉलेजची पोरंपोरी कुदळ-फावडं घेऊन सकाळी घाम गाळत आणि नंतर देशाच्या प्रश्नांवर बोलत, भांडत. १९८५ मध्ये बाबा स्वतः सत्तरीत, पाठीच्या दुखण्याने बसता न येणारे, आणि सोबत तरुण मुलंमुली सायकलवर, कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. भारत जोडो. साहस आणि सेवा एकाच वेळी, एकाच अंगात. आज महाराष्ट्रात सामाजिक काम करणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या माणसांना विचारा, कितीतरी जण सोमनाथचं नाव घेतील.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, चहाच्या टपरीवर रोज ऐकतो.

"कुणाच्या पोराला काही झालं तर?" रास्त प्रश्न आहे, सगळ्यात रास्त. पण उलटं बघा. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर मुंबईहून आलेली एक तरुणी दरीत पडली. तिला वर आणायला दोर घेऊन कोण उतरलं? आपलीच पोरं. दर पावसाळ्यात ती उतरतात, विमा असो नसो, चांगला हार्नेस असो नसो. म्हणजे धोका तुमची पोरं आजही पत्करतायत. तुम्ही प्रशिक्षण नाकारून धोका कमी करत नाही, धोका तेवढाच ठेवून तयारी कमी करता. शिकलेला पोरगा आणखी एक गोष्ट शिकतो, जी न शिकलेल्याला येत नाही. ती म्हणजे "आत्ता उतरायचं नाही" असं सांगणं. ओढ्यात आडव्या उभ्या राहिलेल्या त्या पोराने तेच केलं होतं.

"हे पोलिसांचं आणि सरकारचं काम आहे." आहेच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, जबाबदारी लिहून ठेवलेली आहे. सरकारला सोडा असं मी म्हणतच नाहीये. उलट केंद्राची "आपदा मित्र" योजना आहे, बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि किट देणारी. एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाईडच्या मुलांसाठी "युवा आपदा मित्र" आहे. पैसे आहेत, योजना आहेत. मग आपल्या गावातल्या किती पोरांनी ते शिक्षण घेतलं, त्यातली किती आज गावात आहेत, शेवटचा सराव कधी झाला, हे प्रश्न आपण ग्रामसभेत कधी विचारले? मी माझ्या आसपासच्या चार गावांत सहज विचारून पाहिलं. गटाराचा ठराव सगळ्यांना पाठ होता. या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"धबधबे बंदच करा, कटकट नको." बंदी कधीकधी लागते. रेड अलर्टच्या दिवशी लागतेच. पण चार महिने सरसकट बंदीने काय होतं? बाहेरचा माणूस आडवाटेने येतोच. वडापाव विकणारी, घरगुती जेवण देणारी वाडीतली बाई मात्र बुडते. आणि आडवाटेने आलेला पडला की त्याला शोधणं आणखी कठीण, कारण तो आलाय हे कुणालाच माहीत नसतं. बंदीच्या जागी नोंद ठेवा, मोजकी माणसं सोडा, प्रत्येक ठिकाणी शिकलेली स्थानिक पोरं पगारावर उभी करा. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ ला आलं, नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम त्यात आहेत. ते नियम स्थानिक पोरांना हातात घेऊ द्या.

"मुलींना कसं पाठवणार?" वाडीतली मुलगी डोक्यावर मोळी घेऊन तुमच्या ट्रेकरपेक्षा सरसर डोंगर उतरते, तेव्हा कुणाला काळजी वाटत नाही. तिच्या कमरेला हार्नेस बांधला की घराण्याची अब्रू आठवते! पुराच्या, दरडीच्या दिवशी घरात म्हाताऱ्या, गरोदर बाया, लहान पोरं असतात. कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे गावातल्या मुलींना जेवढं माहीत असतं तेवढं तलाठ्यालाही नसतं. मुलींना वगळून केलेलं पथक अर्धवटच राहणार.

"पोरांनी अभ्यास करावा, नोकरी बघावी." करावाच. पण आपल्या गावांत सध्या उरलंय कोण ते बघा. दहावी-बारावी झाली की पोरगा मुंबईला, नाहीतर एमआयडीसीत कंत्राटावर. पावसाळ्यात बऱ्याच वाड्यांत म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं. पुढची दरड कोसळेल तेव्हा ढिगारा उपसायला कोण असणार आहे? मला तर हाच विचार रात्री झोपू देत नाही. डोंगरात शिकलेल्या कामातून चार पैसे मिळाले, गावात मान मिळाला, तर दहातली दोन पोरं तरी राहतील. आपल्याला दोनच हवी आहेत, पण तयार हवी आहेत.

नुसती टीका करून पळणारा मी नाही. मागण्या लिहितो, आणि त्या फार खर्चिक नाहीत.

पहिली, कॉलेजांकडे. यंदाचं सात दिवसांचं शिबिर दरडप्रवण वाडीत घ्या आणि झाडू घरी ठेवा. पहिले दोन दिवस घरोघरी जाऊन यादी: कोण एकटं राहतं, कोण चालू शकत नाही, कुणाला रोजचं औषध लागतं. पुढचे दोन दिवस वाडीचा नकाशा: जमिनीला भेग कुठे आहे, झाड किंवा विजेचा खांब कुठे कललाय, कुठल्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा आटतं, कुठल्या घराची दारं अचानक अडकायला लागलीत. दरडीआधी डोंगर हे असे निरोप देतो. मग दोन दिवस दोरकाम, स्ट्रेचर, प्रथमोपचार, जाणकार गिर्यारोहण संस्थांकडून. शेवटच्या रात्री वर्दी न देता सराव: वाडी रिकामी करून शाळेत किती वेळात पोचते? तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पुढच्या वर्षी तो कमी झाला पाहिजे.

दुसरी, ग्रामपंचायतींकडे. प्रत्येक दरडप्रवण वाडीत एक साधं पर्जन्यमापक आणि ते रोज सकाळी वाचणारी दोन मुलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. तो सगळा उतरतो आपल्याकडे. वर किती पडला आणि आपल्याकडे किती, हे मोजणारी पोरं असली तर वाडी हलवायचा निर्णय रात्र होण्याआधी घेता येतो. आणि निर्णय घेताना त्या पोरांना बैठकीत खुर्ची द्या. नुसतं सतरंज्या घालायला बोलावू नका.

तिसरी, एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे. सीएसआरच्या पैशातून कमानी आणि बाकडी पुष्कळ झाली. बाकड्यावर दात्याचं नाव दिसतं, दोरावर दिसत नाही, हे मला कळतं. पण दहा गावांना दोर, हार्नेस, हेल्मेट, स्ट्रेचर, चांगले टॉर्च आणि पोरांचा विमा एवढंच द्या. वाटल्यास हेल्मेटवर तुमचं नाव घाला, माझी हरकत नाही.

चौथी, कॅम्पवाल्यांकडे. आमच्या डोंगरात धंदा करा, स्वागत आहे. पण पाठीवर तंबू वाहणाऱ्या पोराला शिकवा, त्याला प्रशिक्षित लीडर म्हणून लीडरचा पगार द्या. आणि तुमच्या शहरातल्या मुलांना एक दिवस झिपलाइनऐवजी वाडीच्या पाण्याच्या टाकीचा गाळ काढायला लावा, त्याच पोराच्या देखरेखीखाली. हुकूम कुणाचा ऐकायचा हे शिकणंसुद्धा नेतृत्वाचंच शिक्षण आहे, आणि पैसेवाल्या घरांत ते कमीच मिळतं.

पाचवी, आपल्या सगळ्यांकडे. ही पोरं दरीतून कुणाचा मृतदेह काढून वर येतात तेव्हा आपण व्हिडिओ काढतो, "सलाम" लिहितो आणि विसरतो. ती रात्रभर झोपत नाहीत. एकाने मला सांगितलं होतं, "काका, वास जात नाही हातांचा." तेव्हा त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या कामाच्या साहेबाला फोन करून सांगा की हा दोन दिवस का आला नाही. एका दिवसाचा खाडा पडला म्हणून पोराचा पगार कापला जातो आणि त्याच पोराचा १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मला त्या शालीची लाज वाटते.

२०१४ च्या जुलैत आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. जगाला ते कळलं कसं? एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या फेरीला आला तर गाव जागेवर नव्हतं. जो रोज बघत होता, त्यालाच फरक दिसला. आपल्या डोंगराला रोज बघणारी पोरं आपल्याकडे आहेत. त्यांना शिकवायचं, साधनं द्यायची आणि त्यांचं ऐकायचं, एवढंच काम आहे.

१५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली आहे. आपापल्या गावात तीनच प्रश्न विचारा. आपल्या गावात प्रशिक्षण घेतलेली किती मुलंमुली आहेत? त्यांच्याकडे काय साधनं आहेत? शेवटचा सराव कधी झाला? उत्तरं काय मिळाली ते इथे खाली गावाच्या नावासह लिहा. मी सगळी एकत्र करून तहसील कार्यालयात घेऊन जाणार आहे. एकटा गेलो तर अर्ज होईल, पन्नास गावांची उत्तरं घेऊन गेलो तर त्यांना वाचावं लागेल.

आणि ज्यांना वाटतं मी अतिशयोक्ती करतोय, त्यांनी खुशाल भांडावं. फक्त भांडायच्या आधी आपल्या घरामागचा डोंगर एकदा चढून या, सोबत वाडीतलं एक पोरगं घ्या, आणि वाटेत ते काय दाखवतं ते मुकाट्याने बघा.